केतोच्या वाढदिवसाचा झेंडा

झेंड्याचे सगळे नियम मी झाझाला स्वतः समजावून सांगितले होते. एक सोडून. तो सांगायचा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण आमच्याकडे तो शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. तेव्हा पुढे जे काही झालं त्यात निम्मी चूक माझी. निम्मीच. बाकीची गल्लीने वाटून घ्यावी.

मी बोडिल. वय बहात्तर. चौतीस वर्षं याच गावात सायकलवरून टपाल वाटलं, त्यामुळे गावातलं प्रत्येक फाटक मला माहीत आहे आणि फाटकाच्या आतलं फारसं काही नाही. पत्रपेटी फाटकालाच असते ना. निवृत्त झाल्यावर व्हीबेवाय या गल्लीच्या रहिवासी मंडळाची अध्यक्ष झाले, कारण दुसरं कोणी उभंच राहिलं नाही. आमची गल्ली चौदा घरांची. एका टोकाला समुद्र, दुसऱ्या टोकाला बेकरी. कुंपणाची झुडपं छातीच्या वर गेली की माझी चिठ्ठी जाते. लोक माझ्यामागे मला काय म्हणतात ते मी ऐकून आहे. म्हणोत बापडे. कुंपणं मात्र सरळ आहेत.

माझ्या शेजारचं घर गेल्या नोव्हेंबरात भाड्याने गेलं. जॉर्जियातल्या कुताइसी गावचं कुटुंब. झाझा पवनचक्क्यांचे खांब बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डर. दारातून आत शिरताना वाकावं लागेल असा धिप्पाड. बायको नातिया तिकडे शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. मुलगी केतो, चार वर्षांची. आणि लुका, तेव्हा नुसतंच गुबगुबीत गाठोडं. ते आले त्या आठवड्यात मी माझं कर्तव्य केलं. कचरा कोणत्या वारी उचलतात आणि कुंपण किती उंच चालतं, हे स्वच्छ अक्षरात लिहून त्यांच्या पेटीत टाकलं. खाली एक फूलही काढलं. माझ्या मते स्वागत झालं होतं.

त्यांच्या मते ते व्हायचं होतं. हे मला नंतर केतोकडून तुकड्या-तुकड्याने कळलं. त्यांच्याकडे गल्लीत नवीन कोणी आलं की शेजारी आपणहून दार वाजवतात. बोलावणं वगैरे काही नाही. पाहुणा देवाने धाडलेला. त्याला कार्ड पाठवायचं म्हणजे देवालाच पत्ता समजावल्यासारखं. म्हणून नातिया दर रविवारी चीज भरलेल्या भाकऱ्या भाजायची, टेबल मांडायची, दाराची कडी काढून ठेवायची आणि बसायची. वास माझ्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. मी मनात म्हणायचे, नशीबवान आहेत यांचे पाहुणे.

पाहुणे कुठले? आमच्याकडे बोलावल्याशिवाय फाटक उघडायचं नसतं. दोन आठवडे आधी बोलवायचं, किती वाजता यायचं ते सांगायचं, कधी उठायचं तेही सूचित करायचं. ते आमच्या पावलांची वाट बघत बसले, आम्ही त्यांच्या बोलावण्याची. आठ महिने. दोघंही सभ्य. असल्या सभ्यपणाला काडी लावली पाहिजे, पण हे शहाणपण मला आता सुचतंय.

केतोला मात्र यातलं काही लागू नव्हतं. ईस्टरपर्यंत ती बालवाडीतून आमची भाषा घेऊन आली आणि तिने आमच्या दोन घरांमधल्या कुंपणातलं भोक शोधून काढलं. ते भोक नियमात बसत नाही. मी ते बुजवलं नाही. कोणाला तक्रार करायची असेल तर अध्यक्षांकडे करावी.

"बोडिल, तू म्हातारी आहेस का?"

"हो."

"मग तू लवकर मरशील."

"एवढ्यात नाही. स्ट्रॉबेरी खाणार?"

जूनमध्ये एका दुपारी अशीच स्ट्रॉबेरीचा रस कोपरापर्यंत गाळत ती म्हणाली, "आम्ही बहुतेक परत जाणार आहोत. आजीकडे. मी, आई आणि लुका. बाबा नाही. त्याला वेल्डिंग आहे."

"कोण म्हणालं असं?"

"आई. ती बाबाला म्हणाली, इथे भिंती पण आपल्याशी बोलत नाहीत. पोरीच्या वाढदिवसाला सुद्धा कोणी आलं नाही, तर ऑगस्टमध्ये मी मुलांना घेऊन चालले. मग बाबा रडला. तो म्हणाला, कांद्यामुळे. पण कांदा नव्हताच."

"येतील गं," मी म्हणाले. "कधी आहे वाढदिवस?"

"अठरा जुलै. मी पाच होणार."

अठरा जुलै! ऐन उन्हाळी सुट्टी. त्या दिवसांत आमच्या देशात लहान मूल शोधून सापडत नाही. बालवाडी बंद, कारखाने बंद, ज्याला मुलं आहेत तो त्यांना घेऊन कुठल्यातरी समुद्रकाठच्या लाकडी घरात नाहीतर इटलीत. गावात उरतात ती आमच्यासारखी जुनी हाडं. बालवाडीची रीत म्हणून नातियाने तिथल्या एकोणीस मुलांच्या खणांत एकोणीस कार्डं ठेवली होती, हाताने रंगवलेली. एकोणीस उत्तरं आली, सगळी गोड, सगळी नकाराची. तारीख पुढे ढकला, असं बालवाडीच्या बाईंनी सुचवलं. नातिया म्हणे त्यांना म्हणाली, "पोरगी ज्या दिवशी जन्मली त्या दिवशीच जन्मली."

आणि मी काय केलं? मी रोज माझी पत्रपेटी उघडून बघत होते, मला कार्ड आलंय का. खरं सांगते, लाज वाटते. कुंपणात भोक आहे, पोरीने सगळं सांगितलंय, आणि चौतीस वर्षं टपाल वाटलेली बाई बोलावण्याच्या पाकिटासाठी अडून बसली होती.

सतरा तारखेला संध्याकाळी झाझा माझ्या फाटकाशी आला. आत नाही, बाहेरच उभा राहिला. मला तो 'देइदा' म्हणतो, म्हणजे मावशी. आमच्याकडे अहोजाहो करत नाहीत हे त्याला दहादा सांगून झालंय, ऐकत नाही.

"देइदा बोडिल, केतो म्हणते, तुमच्याकडे वाढदिवसाला अंगणात झेंडा लावतात. घरमालकाचा खांब आहे, झेंडाही आहे कपाटात. मी लावला तर चालेल? मी तर परका माणूस."

"चालेल काय? लावायलाच हवा!" मी म्हणाले, आणि मग माझी गाडी सुरू झाली. "आठच्या आधी चढवायचा नाही. सूर्य मावळायच्या आत उतरवायचा. जमिनीला टेकू द्यायचा नाही. ओला गुंडाळायचा नाही. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे, झेंडा हा वाढदिवस ज्याचा त्याच्यासाठी असतो. सकाळी डोळे उघडले की पोरीला पहिल्यांदा झेंडा दिसला पाहिजे. माझी आई मला उचलून खिडकीशी न्यायची."

तो तळहातावर पेनने लिहून घेत होता. एवढा मोठा तळहात, तरी नियमांना पुरला नाही.

"उद्या कोण कोण येणार आहे?" मी विचारलं. माहीत असून विचारलं.

"बघू," तो म्हणाला. "नातियाने चाळीस माणसांचं केलंय."

"कोणी येणार नसताना?"

"रिकाम्या टेबलावर कोण येतं, देइदा?"

मग तो थोडा वेळ उभा राहिला. मीही उभी राहिले. तो वाट बघत होता की मी म्हणेन, येते हं उद्या. मी वाट बघत होते की तो म्हणेल, या उद्या. दोघांनी मिळून माझ्या गुलाबांकडे बघितलं. गुलाब काही बोलले नाहीत. मग तो गेला.

दुसऱ्या दिवशी आठला मी बेकरीत गेले. रांग होती, गप्पा झाल्या. साडेआठला पावाची पिशवी हँडलला अडकवून गल्लीच्या तोंडाशी आले आणि कचकन ब्रेक दाबला.

प्रेबेनच्या अंगणातला झेंडा अर्ध्यावर होता. उल्लाचा अर्ध्यावर. त्यापुढचे दोन्ही अर्ध्यावर. गल्लीत कोणी गेलं की सगळी गल्ली झेंडा अर्ध्यावर आणते. माझा नवरा स्वेंड गेला तेव्हाही असंच झालं होतं. कोण गेलं? पहिला विचार आला ओगेचा, तो अठ्ठ्याऐंशी वर्षांचा आहे. पण ओगे तर स्वतःच दोरी ओढत उभा होता. मग क्षणभर वाटलं, मीच गेले की काय आणि मला कोणी कळवलं नाही.

मग माझ्या घराशेजारचा खांब दिसला. झाझाचा. त्याचा झेंडा बरोब्बर अर्ध्यावर, दोरी घट्ट बांधलेली. बाकी सगळे त्याच्याकडे बघून उतरले होते.

लुकाला परवा ताप होता. सायकल मी कुठे टाकली मला आठवत नाही. बहात्तराव्या वर्षी पळता येतं हे मात्र त्या दिवशी कळलं. त्यांच्या फाटकाशी पोचले तर पायरीवर नातिया उभी, लाल झगा, केस मोकळे, डोळ्यांत पाणी. आणि तिच्या कडेवर लुका, तोंडात पावाचा तुकडा, गालावर लोणी. जिवंत. माझा जीव भांड्यात पडला.

"बोडिल! बघ!" ती म्हणाली. आठ महिन्यांत ती माझ्याशी एवढ्या मोठ्याने कधी बोलली नव्हती. "सगळे! पूर्ण गल्ली! सगळ्यांनी केतोसाठी झेंडे लावले! मी झाझाला म्हणत होते, यांना आपली किंमत नाही. मी चुकले. बघ ना!"

मी बघितलं. सात झेंडे, सातही शोकाचे, वाऱ्यावर फडफडतायत.

"हो," मी म्हणाले. "सगळ्यांनी." चर्चमध्ये जाणारी बाई मी. धडधडीत खोटं बोलले आणि मला जराही वाईट वाटलं नाही.

झाझा मागून आला, छाती फुगवून. "सगळे नियम पाळले, देइदा. आठ वाजता चढवला. जमिनीला टेकवला नाही. फक्त वरपर्यंत नेला असता तर केतोच्या खिडकीतून दिसला नसता, छपराची कड मध्ये येते. म्हणून मी काल संध्याकाळी वर जाऊन तिच्या पलंगावर झोपून बघितलं, कुठपर्यंत दिसतं ते. तेवढ्यावरच आणून बांधला. तिने डोळे उघडले आणि पहिला झेंडाच दिसला!"

तो अजस्र माणूस त्या एवढ्याशा पलंगावर आडवा झालेला माझ्या डोळ्यांसमोर आला.

"झेंडा अर्ध्यावर कधी लावतात, तुमच्याकडे?" मी हळूच विचारलं, नातिया आत गेल्यावर.

"राष्ट्राध्यक्ष वगैरे गेला तर. सरकारी इमारतीवर. घरचा झेंडा कुठे असतो आमच्याकडे?" मग त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. "का? काही चुकलं?"

"काही नाही. छान झालंय. आता ती उठली ना, आता तो वर न्यायचा. पण मी हात हलवीन तेव्हा. दहाला पाच कमी असताना. आमच्याकडे सगळ्यांचे एकदम वर जातात." हे दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

मी तडक प्रेबेनच्या गॅरेजात गेले, कारण आमच्या गल्लीत संकट आलं की लोक तिथेच जमतात. प्रेबेन जुना स्टेशनमास्तर. त्याने सभा सुरूही केली होती. गल्लीत उरलेली सगळी, अकरा माणसं, काळ्या कपड्यांत. उल्लाने तिच्या बागेतले पांढरे गुलाब बुंध्यापासून कापून आणले होते, एकही ठेवला नव्हता. ओगे मागे स्टुलावर हात जोडून बसला होता.

"आलीस? बरं झालं," प्रेबेन म्हणाला. "दहाला सगळ्यांनी मिळून जायचं ठरलंय. कोण गेलं त्यांच्याकडे? बाळ?"

"कोणी गेलं नाही. पोरीचा वाढदिवस आहे."

"वाढदिवसाला झेंडा अर्ध्यावर?" प्रेबेन म्हणाला.

मी खिडकीची गोष्ट सांगितली. उल्ला आधी हसली, मग गुलाबांत तोंड खुपसून रडली. बाकीचे हुश्श करून उठले. कोणीतरी टायचा गळफास सैल केला. कोणीतरी म्हणालं, चला, कॉफी टाकू.

"अरे, निघालात कुठे?" मी म्हणाले.

"घरी."

"आत्ता तर सगळे त्यांच्याकडे जाणार होतात!"

"ते मयताला गं," प्रेबेन मला समजावू लागला, जणू मी परदेशी आहे. "मयताला बोलावणं लागत नाही. वाढदिवसाला कसं जायचं, न बोलावता? लोक काय म्हणतील?"

तेव्हा माझं डोकं फिरलं. "कोणते लोक? सगळे लोक तर इथे तुझ्या गॅरेजात बसलेत! प्रेबेन, आठ महिने ती बाई दर रविवारी दाराची कडी काढून बसते. चाळीस माणसांचा स्वयंपाक करून ठेवलाय, आणि येणारं कोण, तर कोणी नाही. आज कोणी गेलं नाही तर ऑगस्टमध्ये ती मुलांना घेऊन निघाली. नवरा इथे, पोरं तिथे. पोरीनेच सांगितलंय मला. आणि आपण काय करायचं? कोणीतरी मरायची वाट बघायची? म्हणजे मग आपल्याला रीतसर फाटक उघडता येईल?"

खरं तर मी निम्मं स्वतःलाच बोलत होते, पण ते त्यांना कशाला सांगा.

"त्यांना चालेल का पण?" प्रेबेनने बारीक आवाजात विचारलं.

"नाही चाललं तर मला हाकलतील. मी पुढे राहते."

"मग कपडे तरी बदलून येतो. काळ्या सुटात वाढदिवसाला?"

"तुझ्या लग्नात हाच होता. चल."

सगळ्यांना आपापल्या खांबाशी उभं केलं. दहाला पाच कमी असताना मी गल्लीच्या मधोमध उभी राहिले आणि उशीचा अभ्रा हलवला. सात दोऱ्या एकदम ओढल्या गेल्या. सातही झेंडे सरसर वर गेले, समुद्रावरचा वारा लागला आणि असे ताणले गेले की कापड कडाडलं. पायरीवर केतो टाळ्या पिटत नाचत होती. झाझा दोरी हातात धरून गल्लीकडे बघतच राहिला. मी गल्लीत पंचेचाळीस वर्षं राहते, पण असं काही कधी बघितलं नव्हतं, आणि हे मीच घडवून आणलंय म्हणून मला फार अभिमान वाटला. वाटला तर वाटला.

मग आम्ही निघालो. वाढदिवसाचं गाणं म्हणत, बेसूर, काळ्या कपड्यांत, पांढरे गुलाब घेऊन. फाटकाशी प्रेबेन अडखळला. मी त्याला कोपराने ढकललं. झाझाने दाराची दोन्ही कवाडं उघडली. नातिया दारात उभी राहून बोटाने माणसं मोजत होती आणि सातच्या पुढे तिला मोजताच येईना.

त्या टेबलाचं काय सांगू? वितळत्या चीजच्या भाकऱ्या, अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी, लसणातली कोंबडी, ताटावर ताट रचलेलं, कारण जागाच नव्हती. आमच्याकडे वाढदिवसाला पाव, लोणी आणि एक केक. उल्ला माझ्या कानात म्हणाली, "बोडिल, याचा वास मला आठ महिने येतोय." मी म्हणाले, "मलाही." केतोला प्रेबेनने त्याची स्टेशनची शिट्टी दिली, आणि दहा मिनिटांत सगळ्यांना पश्चात्ताप झाला. झाझा उभा राहून ग्लास उंचावून बोलायचा: मुलीसाठी, आईबापांसाठी, शेजाऱ्यांसाठी, शेजाऱ्यांच्या आईबापांसाठी. प्रत्येक भाषण आगगाडीएवढं लांब. पहिल्या दोनदा प्रेबेनने घड्याळ बघितलं. तिसऱ्यांदा तो स्वतःच उभा राहून रुळांबद्दल बोलला. प्रत्येक भाषणानंतर आम्ही आमचा हुर्रे करायचो, आणि लुका दर वेळी दचकून हसायचा.

"बोडिल, सगळे काळे का झालेत?" केतोने विचारलं.

"हे आमचे चांगले कपडे आहेत." तिसरं.

आणि इथे ओगे उठला. ओगे जवळजवळ ठार बहिरा आहे, आणि कानातलं यंत्र तो घरी बशीत विसरला होता. गॅरेजातलं त्याला एक अक्षरही ऐकू आलं नव्हतं. सगळे निघाले म्हणून तो निघाला, सगळे खातात म्हणून तो खात होता, दुःखाने. आता आपली पाळी आली असं त्याला वाटलं. तो हळूहळू टेबलाला वळसा घालून नातियाजवळ गेला आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"बाळ," तो म्हणाला, "माझी बायको गेली तेव्हा मलाही घास उतरत नव्हता. पण तू खा. तुला लहान मुलं आहेत. तुझी माणसं लांब आहेत, माहितीये मला. पण आम्ही आहोत. काही लागलं, कधीही लागलं, माझं दार वाजव. जोरात वाजव, मला ऐकू येत नाही. पण वाजव."

ओगे हळू बोलतो, एकेक शब्द सुटा. नातियाला सगळं समजलं. तिने त्याच्या काळ्या सुटाकडे बघितलं. मग प्रेबेनच्या. मग पांढऱ्या गुलाबांकडे, मग खिडकीतून झेंड्याकडे. रसायनशास्त्राची बाई ती, दोन आणि दोन तिला सांगावे लागत नाहीत. शेवटी तिने माझ्याकडे बघितलं.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

मी सगळं सांगितलं. काय करणार? अर्धा झेंडा म्हणजे काय, गॅरेजातली सभा, सगळं. झाझा वांग्यांसारखा जांभळा झाला. मी मनात म्हणत होते, संपलं. बोडिल, तूच या घराला आशा लावलीस आणि तूच मोडलीस.

"म्हणजे तुम्हाला वाटलं, आमच्या घरात कोणी मेलं," नातिया सावकाश म्हणाली.

"हो."

"आणि सगळे काळे कपडे घालून निघालात."

"हो."

"वाढदिवस आहे म्हणून नाही."

"नाही. वाढदिवसाला यायची हिंमत नव्हती आम्हाला. मयताला यायला सोपं असतं."

ती खुर्चीवर बसली. तिचे खांदे हलू लागले. मी उठून तिच्याकडे जाणार, तोच कळलं की ती हसतेय. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतेय. झाझाला तिच्या भाषेत काहीतरी सांगत होती आणि मध्येच परत हसत होती. मग उल्लाला हसू फुटलं, मग प्रेबेनला. केतोने शिट्टी फुंकली.

"काय म्हणतेय ती?" मी झाझाला विचारलं.

झाझाने डोळे पुसले. "ती म्हणते, वाढदिवसाला काय, केकसाठी कोणीही येतं. आपल्या घरावर वाईट वेळ आली तर या परक्या गावात कोण येईल, याची तिला आठ महिने झोप नव्हती. ते आज तिने डोळ्यांनी बघितलं."

"काय चाललंय?" ओगेने विचारलं.

उल्ला त्याच्या कानात ओरडली, "कोणी मेलं नाही, ओगे! पोरीचा वाढदिवस आहे!"

"अरे वा!" ओगे म्हणाला. "मग ती कोंबडी सरकव इकडे."

आता गप्प बसावं की नाही मी? पण माझ्या तोंडाला कुंपण नाही. "मग ऑगस्टचं काय?" मी विचारलं. "जाणार आहेस की नाही?"

झाझाचा ग्लास हवेतच राहिला. नातियाने केतोकडे बघितलं. केतोने टेबलाखाली जायचं ठरवलं.

"आमच्यात जो आपल्या दारी आला त्याच्या दारी जावंच लागतं," नातिया म्हणाली. "नाही गेलं तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. तुम्ही सगळे मिळून किती घरं?"

"आठ," प्रेबेन लगेच म्हणाला. अशा गोष्टी त्याला पाठ असतात.

"दर रविवारी एक." तिने बोटं मोजली. "म्हणजे सप्टेंबर उजाडला. ऑगस्टमध्ये मला वेळच नाही."

"आणि सप्टेंबरात?" मी म्हणाले. उल्लाने टेबलाखालून मला लाथ मारली.

"सप्टेंबरात तुम्ही परत याल ना? तेव्हा घरात कोणी नको का?"

झाझा सकाळपासून उभाच होता. त्यांच्यात यजमान बसत नाही म्हणे. तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. प्रेबेनने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो हात तिथेच राहू दिला.

पहिला रविवार कोणाचा यावरून लगेच भांडण लागलं. प्रेबेन म्हणे माझा, उल्ला म्हणे माझा. अध्यक्ष मी आहे, मी म्हणाले, आणि विषय संपवला.

घरी आले तेव्हा ऊन अजून भरपूर होतं. स्वेंड गेल्यापासून माझ्या स्वयंपाकघरात मी एकाच खुर्चीवर बसते. बाकीच्यांवर जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते. ते मी एकेक करून उचलून बाहेर नेले. खुर्च्या पुसल्या, ओळीने लावल्या, लुकासाठी एकीवर दोन उश्या ठेवल्या. मग समोर बसून बघत राहिले. पुढच्या रविवारला अजून आठ दिवस होते.